हातेम छैयालाचा बांगला

हातेम रस्त्यानं चालायचा तो वर बघत. समोरून माणूस आला तर माणूस त्याला दिसायचा नाही, त्याचं घर दिसायचं. कुणी सलाम घातला की हा म्हणायचा, "आलेकुम सलाम. उत्तरंकडचं पाखं बसलंय तुमचं." एकदा कब्रस्तानातनं परतताना त्यानं मयताच्या थोरल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रडू नगंस. बाप गेला त्येला इलाज न्हाई. वळचण कुजलीया, तिला हाय." पोरगं रडता रडता हसलं, आणि आठवड्याच्या आत त्यालाच बोलावून त्यानं वळचण बदलून घेतली.

हातेम हे नाव जुन्या गोष्टीतल्या दात्याचं. आमचा हातेम विडी ओढताना पाठ फिरवायचा, कुणी झुरका मागू नये म्हणून. पण कंस नदीच्या काठच्या आमच्या तेलीखालीत गवताचं छप्पर शाकारावं तर त्यानंच. म्हणून तो हातेम छैयाल. त्याचा बाप छैयाल, आजा छैयाल. तिघेही छपरावरच म्हातारे झाले, आणि तिघांपैकी एकही कधी पडला नाही. आजा मेला तो खाटेवरनं पडून.

छैयालाचा एक रिवाज असतो. कुणाच्याही घरावर चढायचं म्हणजे आधी तीनदा ओरडायचं, "चढलो गं बायांनो." आतल्या बाया पदर सावरतात, आणि सासू सुनेला बडवत असली तर जरा थांबते. जुनं गवत उपसलं की वरनं समदं घर उघडं पडतं. कुणाच्या मडक्यात किती तांदूळ, कुणाची नवी लुगडी पेटीत आणि कुणाची पेटीच रिकामी, हे गावात छैयालाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ज्वानीत हातेम एकदा पलीकडच्या गावात चढला आणि तिसऱ्यांदा ओरडायचं विसरला. वाशांमधनं खाली बघतो तर एक पोरगी गुळाच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. तिनं वर बघितलं. तोंड भरलेलंच होतं, तरी म्हणाली, "कुणाला सांगितलंस तर शिडी काढून नेईन." हातेमनं कुणाला सांगितलं नाही. मागणी मात्र घातली. ती मयमुना.

आता बांगल्याचं सांगतो. आमच्याकडं 'बांगला' या एका शब्दात बोली, घर आणि दारू तिन्ही मावतात. कुणी "बांगला आहे का" असं विचारलं तर आधी विचारणाऱ्याचं तोंड बघावं. मास्तर असला तर पहिली, पाहुणा असला तर दुसरं, आणि डोळे तांबारलेले असले तर तिसरी. हातेमचा बांगला दुसरा. अंगणाच्या तोंडाशी, राहत्या घरापासून सुटं, दोन पाख्यांचं एक घर. पाहुणा तिथं उतरतो, फकीर तिथं झोपतो, भांडणं तिथं मिटवतात आणि तिथंच नवी काढतात.

तसे बांगले गावात दहा-बारा होते, पण हातेमच्या बांगल्याचं आढं बघायला लोक होडीनं यायचे. ते सरळ नव्हतं. मधे उंच आणि दोन्ही टोकांना खाली उतरलेलं, पालथ्या होडीगत. त्यासाठी हिरवा बांबू तळ्यात मुरवायचा, मग दोन झाडांमधे दोरानं ताणून ठेवायचा, आणि रोज सकाळी दोर मुठीभर आवळायचा. घाई केली तर बांबू फुटतो आणि आळस केला तर तो सरळच वाळतो. हातेम त्या बांबूशी बोलायचा तितकं मयमुनेशी बोलत नसे, असं मयमुना म्हणायची.

मग गावात पत्रा आला. लढाईनंतर चार-पाच वर्षांतच एकेक छप्पर उतरायला लागलं आणि त्याजागी पन्हळी पत्रा चकाकायला लागला. पत्रा ठोकायला छैयाल लागत नाही, हातोडी असलेला कुणीही चालतो. हातेम येता-जाता पत्र्याकडं बघायचा नाही, थुंकायचा. "दुपारी आत मानूस भाजतोय आन पावसात भैरा व्हतोय," म्हणायचा. लोक ऐकून घ्यायचे आणि घरी जाऊन पत्रा मोजायचे.

खरी पंचाईत झाली ती लालबानूची. लालबानू हातेमची एकुलती एक पोर. रंगानं सावळी, नाकीडोळी नीट, जिभेला आईसारखी धार. दोन सोयरिकी आल्या. दोन्ही वेळा पाहुणे बांगल्यात बसले, तांदळाच्या पिठाचे गोड पिठे खाल्ले, पोरगी पसंत केली, आणि निघताना राहत्या घराच्या छपराकडं बघून विचारलं, "पत्रा कवा टाकनार?" दोन्ही वेळा हातेम म्हणाला, "मी मेल्यावर." दोन्ही सोयरिकी मोडल्या. गावात बोलायला लागले की छैयालाची पोर गवताखालीच वाळणार.

मयमुनेनं चुलीपुढनं रोज एकच धोशा लावला. "लालबानूच्या बा, त्यो बांगला मोडा. बांबू इका. घरावर पत्रा घाला. पोरगी उजवंल."

"लोहाराच्या घरात लाकडी कोयता ठेवू व्हय?"

"कोयता ऱ्हाऊ द्या. पोरगी ठेवायची का घरात, त्ये सांगा."

यावर हातेम उठून बांगल्याकडं जायचा. पण त्या वर्षी भात कापून झालं तसा तो उठेनासा झाला. चुलीपुढंच बसून राखेत काडीनं रेघा ओढायचा. मला एकदा म्हणाला, "एवढी एक सोयरीक बघतो. मोडली तर बांगला उतरवतो. लेकीपरास आढं मोटं न्हाई." मी शेजारी. लहानपणापासून त्या बांगल्यात बसून त्याच्या चहाची वाट बघत आलेला माणूस. मला वाईट वाटलं, पण चहा काही त्या दिवशीही मिळाला नाही.

ही शेवटची सोयरीक कासू घटकानं आणली. घटक म्हणजे लग्नं जुळवणारा. कासू बकऱ्यांची दलालीही करायचा, आणि दोन्हीकडं दात बघूनच बोलायचा. त्याला ठाऊक होतं की हातेमच्या घराचं वर्णन करायला गेलं की सोयरीक मोडते. म्हणून त्यानं वर्णन केलंच नाही. नूरगंजला जाऊन मुलाच्या बापाला, कुदरतुल्लाला, तो एवढंच म्हणाला, "मुलीच्या बापाचा सोताचा बांगला हाय. दारातच. आला-गेला मोटा मानूस तितंच उतरतो."

कुदरतुल्ला म्हणाला, "स्वतःचा?"

"बापजाद्यांचा."

आणि तेलीखालीत येऊन कासूनं हातेमला सांगितलं, "पोरगा बांगल्यात ऱ्हातो. जलमापासनं. सायेबलोक येऊन-जाऊन असत्यात."

दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, जमीन किती, बैल किती. हातेमनं विचारलं, "केवढा बांगला?"

"पाच खोल्यांचा."

हातेमचा घास हातातच राहिला. पाच खोल्यांवर एक आढं म्हणजे चाळीस हात तरी लांब. तेवढा बांबू कुणी वाकवला? नूरगंजात असा कोण छैयाल निघाला, की ज्याचं नाव आपल्या कानावर नाही? हातेम गंजात कधी जायचा नाही. तिथं बघण्याजोगं एकही छप्पर नाही, असं त्याचं मत. आता त्याला पोरीच्या लग्नाची काळजी होती आणि त्याहून थोडी जास्त त्या छैयालाची.

पाहुणे येणार म्हणून त्यानं बांगल्याचं समदं गवत नवं घातलं, आणि आढ्याच्या दोन्ही टोकांना गवताचे मोर बांधले. मयमुना म्हणाली, "पोरीला नवं लुगडं न्हाई आन छपराला मोर." हातेम वरनं म्हणाला, "पावनं बांगल्यातलं हायेत. त्येंची नजर वरच जानार."

कुदरतुल्ला होडीतनं उतरला तो दिवस मला नीट आठवतो, कारण घाटावर मीच आणायला गेलो होतो. अंगात पांढरा लांब कोट, त्याला पितळेची बटणं, बटणांवर कसलीशी सरकारी खूण. दाढीला मेंदी. मागनं कासू, हातात मिठाईची हंडी. पोरगा आला नव्हता, त्याला कामावरनं सुटी नव्हती म्हणे. बटणं बघून घाटावरची माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारी पुढं होऊन म्हणाली, "हुजूर, माजी शेळी चौकीदारानं खाल्ली." कुदरतुल्लानं तिच्याकडं बघून "होय, होय, बघू" असं इतक्या सराईतपणे म्हटलं की माझी खात्रीच पटली, हा मॅजिस्ट्रेट नसला तरी मॅजिस्ट्रेटच्या जवळचा कुणीतरी आहे.

नाववाल्याला त्यानं विचारलं, "का रे, हातेम मियाँकडे बांगला आहे ना?"

नाववाला लाजला. म्हणाला, "हातेमचाचा पीत न्हाईत, हुजूर. तुमास्नी पायजेल तर पल्याडच्या भट्टीत मिळंल. पर ती बी आता पानीच जास्त घालत्यात."

कासूनं मधे पडून सगळ्यांना पुढं ढकललं.

बांगल्यात पाहुण्याला लाकडी चौकीवर बसवलं, नवी चटई, नक्षीची उशी. हातेम खाली बसला, मी दाराशी, कासू पिठ्यांच्या ताटाच्या शक्य तितका जवळ. मागच्या कुडाला बाहेरनं कान लावून मयमुना आणि लालबानू उभ्या होत्या. कुडाच्या कामट्यांमधनं त्यांचे श्वास ऐकू येत होते. पाहुण्यानं गुळाचे पिठे खाल्ले, खोबऱ्याचे खाल्ले, शेवया खाल्ल्या, वर चहा प्यायला, रुमालानं ओठ टिपले. हातेम वाट बघत होता की हा कधी वर बघतोय. पाहुणा दाराबाहेर बघत होता.

शेवटी कुदरतुल्ला म्हणाला, "फार छान. आता निघू या का बांगल्याकडे?"

हातेम म्हणाला, "कुटल्या?"

"आपल्या."

"मग बसलाय त्यो कुटं?"

तेव्हा कुठं कुदरतुल्लानं वर बघितलं. बराच वेळ बघत राहिला. हातेमला वाटलं, पाहुणा आढ्यावर भाळला. तो उठून उभा राहिला आणि बोट वर करून सांगायला लागला, "ह्यो मदला बांबू बापाच्या टायमाचा. गाठीवर गाठ हाय, पर दिसनार न्हाई. आता तुमी सांगा, तुमचं आढं किती हात? वाकवलं कुनी?"

"आमच्याकडे आढं नाही," कुदरतुल्ला म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "आमच्याकडे पत्रा आहे. लाल रंग दिलेला."

मागच्या कुडाचा श्वास थांबला.

"पत्रा?" हातेम खाली बसला. "पत्र्याचा आन बांगला? आवं, पत्र्याचं ते गुदाम. तागाचं."

"मियाँ, त्याला व्हरांडा आहे. काचेच्या खिडक्या आहेत. न्हाणीघरात आंघोळीला टब आहे, माणूस आत झोपतो."

"आंगुळ करताना झोपतो?"

"झोपल्यासारखा बसतो."

"मग आमच्या म्हशी बी बांगल्यातल्याच म्हनायच्या."

कुदरतुल्ला तांबडा झाला. कासूकडं वळून म्हणाला, "घटक, तुम्ही मला बांगला म्हणून सांगितलंत. ही झोपडी आहे."

झोपडी म्हणाल्यावर हातेमचा तोल गेला. हातेमला शिवी दिलेली चालायची, त्याच्या छपराला नाही. "झोपडी? पावनं, बांगला ह्यो शबूद आला कुटनं ठावं हाय का? ही भुई बांगला, ही बोली बांगला, आन ह्या भुईवर आसं घर बांधत्यात म्हनून ह्ये बांगला. गोरा सायेब पयल्यांदा ह्या नदीनं आला तवा उनानं त्येची टाळकी सोललेली. आशाच घरात निजला. गार लागलं. उठून इचारलं, ह्ये काय? आमच्या मानसानं सांगितलं, बांगला. सायबाला नीट म्हनता येईना, म्हनून शेपूट वाकडं करून 'बंगलो' म्हनाला. घर बी नेलं आन नाव बी नेलं. आन उसनं परत देताना काय केलं? गवत काढून घेतलं, खाली जोतं लावलं, वर पत्रा लावला, आन आमालाच सांगत्यात ही झोपडी."

ही गोष्ट हातेमच्या बापानं त्याला सांगितलेली, त्याला त्याच्या बापानं. दर पिढीला साहेबाची टाळकी जरा जास्त सोलत गेली होती एवढंच.

कुदरतुल्लाही कमी नव्हता. "नेलं ना? मग आता त्यांचं झालं. विलायतेत गावंच्या गावं बांगल्यांची आहेत. समुद्राकाठी. एका साहेबानं मला स्वतः सांगितलंय. म्हातारे झाले, गुडघे गेले, जिना चढवेना, की लोक बांगल्यात राहायला जातात."

मी म्हणालो, "म्हंजे ज्येला जिना न्हाई त्यो बांगला?"

"तुम्ही मधे बोलू नका," दोघंही मला म्हणाले. त्या दिवशी त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं ते इथं.

"जिना न्हाई तर आमच्या गावात समदंच विलायत," हातेम म्हणाला. "पत्र्याखाली ऱ्हानाऱ्यानं मला बांगला शिकवू नये."

आणि मग कुदरतुल्लानं ती चूक केली. तो उठला, बटणांवर हात ठेवला आणि म्हणाला, "मला शिकवू नये? अहो, उभी हयात त्या बांगल्याची फरशी पुसली आहे ह्या हातांनी. एकेक काच पुसली आहे. साहेबांचे बूट, साहेबांची अंडी, अर्धी कच्ची, पुरी पक्की. बांगला म्हणजे काय, ते मला विचारा."

 कासू पिठा चावायचा थांबला.

"पुसली?" हातेम हळूच म्हणाला.

"म्हणजे... पुसून घेतली."

"आत्ता म्हनालात, ह्या हातानं."

कुदरतुल्लानं आपले हात बघितले, जणू तेच बोलून गेले होते. आणि चौकीवर बसला. डाकबांगल्याचा खानसामा होता तो. पाच खोल्या सरकारच्या. ह्याचं बिऱ्हाड मागं, सैपाकघराला लागून.

आता सगळे कासूकडं वळले. कासूनं तोंडातला घास सावकाश गिळला, कारण तो शेवटचा असेल अशी त्याला शंका आली असावी. "माज्याकडं का बघताय? मी येक तरी शबूद खोटा बोललो का? ह्येंचा बांगला हाय का न्हाई? हाय. त्येंचं पोरगं बांगल्यात ऱ्हातं का न्हाई? ऱ्हातं. बकरी इकतानाबी मी शेळीला बोकड म्हनत न्हाई. समोरच्यानं शेपटी उचलून बघायची आसती."

हातेम त्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात मागच्या कुडातनं मयमुनेचा आवाज आला. "पावन्यास्नी इचारा, मागल्या सैपाकघरावर काय हाय?"

कुदरतुल्ला कुडाकडं बघून म्हणाला, "पत्राच आहे. सरकारी."

"आयकलं का, लालबानूच्या बा? सरकारी पत्रा. गंजतबी नसंल."

"चूप बस," हातेम म्हणाला.

"तोही फार दिवस नाही," कुदरतुल्ला म्हणाला. साहेबी सगळी गळून पडली होती. "चैत्रात मी रिटायर होतो. मोताहारला, माझ्या मुलाला, कायम केलेलं नाही. नवा खानसामा आला की खोली सोडायची. गंजाबाहेर तळ्याकाठी थोडी जागा आहे, तिच्यावर घर नाही. घटकानं बांगला म्हटलं, मी म्हटलं, चला. लोकांना ट्रेमधून चहा देता देता म्हातारा झालो. वाटलं, सुनेच्या बापाचा बांगला आहे, कधीमधी चार दिवस जाऊ, आपणही खुर्चीत बसून पिऊ. एवढंच होतं. मी निघतो."

"मग हितं बसून चा प्यालात त्यो काय म्हशीचा मूत हाय व्हय?" हातेम म्हणाला. "बसा खाली." आणि थोड्या वेळानं, वेगळ्याच आवाजात, "तळ्याकाटी म्हनालात. बांबू हाय का तितं?"

"आहे. मोठं बेट आहे."

"जात कुटली? भरीव का पोकळ?"

"मला कुठं कळतंय. आत मुंगूस राहतं."

हातेमचे डोळे बदलले. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. कैक वर्षांत कुणी त्याच्याकडं नवा बांगला मागितला नव्हता, वळचणी आणि ठिगळं तेवढी राहिली होती. समोर एक माणूस बसला होता ज्याच्याकडं जागा होती, बांबू होता, आणि घर नव्हतं. "बियाई," तो म्हणाला, आणि 'बियाई', म्हणजे व्याही, म्हटल्याबरोबर कासूनं परत एक पिठा उचलला, "लोक जावयाला सायकल देत्यात, घड्याळ देत्यात. मी बांगला देतो. तुमच्या तळ्याकाटी. आसं आढं घालतो की तुमच्या सरकारी सायबानं गाडी थांबवून बघावं."

"काचेची खिडकी?" कुदरतुल्ला म्हणाला.

"कुडाला काच? म्हशीला चष्मा लावताय काय?"

"एक तरी. मला काच पुसायची सवय आहे."

"एकच. आन ती मागल्या आंगाला."

"लालबानूच्या बा," कुडातनं मयमुना म्हणाली, "पोरगी द्यायला बसलाय का छप्पर?"

तेव्हा लालबानू बोलली. बापासमोर आणि परक्या पुरुषासमोर कुडाआडनं पोरीनं बोलणं आमच्यात नसतं, पण आमच्यात बाप असं छपराच्या बदल्यात लग्नही ठरवत नाहीत. "माजं लगीन बांबूशी न्हाई, त्या मानसाशी लागनार हाय. त्यो करतो काय, त्ये कुनी इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. कुदरतुल्ला गडबडला. "मोताहार? सैपाक करतो. माझ्या हाताखाली. कटलेट, मटण, पुडिंग. भात मोकळा होतो त्याचा."

"रोज?"

"दोन्ही वेळा."

"चुलीम्होरं त्यो बसतो? मिरच्या त्योच वाटतो?"

"वाटतो की."

कुडामागं कुजबुज झाली. मयमुना काहीतरी म्हणाली, त्यात 'गवत' आणि 'जलमभर' एवढे शब्द कळले. मग लालबानूचा आवाज आला, अगदी थंड. "आबा, मला चालतंय. वर गवत असू द्या न्हाईतर आभाळ. मिरच्या दुसरं कुनी वाटनार आसंल तर मी कुटंबी ऱ्हाईन."

असं ठरलं. आमच्या गावात अजून सांगतात की हातेमच्या पोरीनं नवऱ्याचं तोंड बघायच्या आधी त्याची चूल बघितली.

लग्न झालं, आणि हातेम चैत्रापर्यंत नूरगंजातच राहिला. तळ्यात बांबू मुरवला, झाडांना ताणला, रोज सकाळी दोर आवळला. मोताहार त्याला वेळेवर जेवायला घालायचा, त्यामुळं काम जरा लांबलंच. इकडं कुदरतुल्लानं डाकबांगल्याचे जुने पत्रे लिलावात निघाले त्यातला एक घेऊन विहिणीला भेट पाठवला. मयमुनेनं तो कौतुकानं कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. उन्हाळ्यात कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या. हातेम घरी आला, खुराड्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला न मागता विडी दिली.

बांगला उभा राहिल्यावर मी बघायला गेलो. रस्त्यावरनंच आढं दिसलं. खोटं कशाला बोलू, ते तेलीखालीच्या आढ्यापेक्षा सरस उतरलं होतं. जवळ गेलो तर दारात कुदरतुल्ला उभा. रिटायर झालेला, पण अंगात तोच कोट, बटणं घासलेली, खांद्यावर पंचा. आत त्याच्यासाठी घेतलेली हाताची खुर्ची होती, नवी कोरी. मी म्हटलं, "बियाई, बसा की." तो म्हणाला, "आधी पाहुणे बसू देत. आपण काय घेणार, चहा की सरबत?" मला बसवलं, चहा ट्रेमधून आणला, आणि परत दारात जाऊन उभा राहिला. दर थोड्या वेळानं मागं जाऊन ती एक काच पुसून यायचा.

मी विचारलं, "हातेम कुटंय?"

वरनं आवाज आला, "हितं. उत्तरंकडंच्या टोकाला येक काडी वर आलीया."

"खाली ये. चहा निवतोय."

"तू पी. मला हितनं बरं दिसतंय."

मी खुर्चीत बसून चहा प्यायलो. गार वाटत होतं, गवताचा वास येत होता, मागनं कटलेट तळल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं लालबानू आली. दाराशी उभ्या सासऱ्याकडं बघितलं, छपरावरच्या बापाकडं बघितलं, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"तुमी तरी उठू नगा, चाचा," ती म्हणाली. "दोगांनी मिळून एवढा बांगला केला, आन आत बसायला मानूस भाड्यानं आनायची पाळी आली व्हती."